बंदरावरची नजर : योहान योंगकिंड आणि दृक्‌प्रत्ययवादाची पहाट

वेंगुर्ल्याची डच वखार आपल्याकडे बहुतेकांना नावाने तरी माहीत असते. 1637 च्या सुमारास डचांनी तिथे पाय रोवला. गोव्याच्या पोर्तुगीजांवर लक्ष ठेवायचे, मांडवीच्या मुखाशी नाकेबंदीला उभ्या असलेल्या आपल्या जहाजांना दाणापाणी पुरवायचे आणि जमेल तो व्यापार करायचा, असा तिचा उद्देश होता. सतराव्या शतकाच्या अखेरीस तिचे महत्त्व संपले. आज उरल्या आहेत त्या जाड जांभ्याच्या भिंती आणि त्यांतून वाढलेली झाडे. इन्सुली-बांदा भागातून वेंगुर्ल्याला जाणारा माणूस ती वखार पाहतो तेव्हा त्याला डच म्हणजे तोफा, मसाले आणि हिशेबाच्या वह्या एवढेच आठवते.

याच डचांनी आणखी एक गोष्ट केली. ज्या काळात वेंगुर्ल्याची वखार चालू होती, त्याच काळात त्यांच्या देशात समुद्र आणि जहाजे हा चित्रकलेचा स्वतंत्र विषय झाला. थोरला विल्यम व्हान द व्हेल्ड हा चित्रकार तर आरमाराबरोबर समुद्रावर जाऊन चालू लढाईची रेखाटने करत असे. चित्रातल्या जहाजाचा एखादा दोर चुकला तर गिऱ्हाईक ते चित्र परत करील, अशी तिथली स्थिती होती. कारण गिऱ्हाईकच जहाजाचा मालक असे.

या परंपरेतला एक वंशज दोनशे वर्षांनी फ्रान्सला गेला आणि तिथल्या तरुण चित्रकारांना पाणी आणि उजेड कसा पाहावा हे शिकवून गेला. त्याचे नाव योहान बार्थोल्ड योंगकिंड. क्लोद मोने हे नाव आज शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. योंगकिंडचे नाव मात्र चित्रकलेच्या विद्यार्थ्यांनाही चटकन आठवत नाही. त्याचे आयुष्य आणि काम समजून घेतले, तर दृक्‌प्रत्ययवाद म्हणजे धूसर, पुसट चित्र हा आपल्याकडचा सर्वसाधारण समज किती अपुरा आहे, हे ध्यानात येते.

नाकेदाराचा मुलगा

योंगकिंडचा जन्म 3 जून 1819 रोजी जर्मनीच्या हद्दीला लागून असलेल्या लाट्रोप या लहान गावी झाला. वडील करवसुली खात्यात नोकरीला होते. मुलांचे लेंढार मोठे आणि पगार बेताचा. योहान अगदी लहान असतानाच वडिलांची बदली रॉटरडॅमजवळच्या व्लार्डिंगन या बंदरात झाली. व्लार्डिंगन हे हेरिंग मासळीचे गाव. गलबते, खारवलेल्या माशांची पिंपे, जाळी दुरुस्त करणारे हात आणि मास नदीच्या मुखातून आत येणारी भरती हे सारे या मुलाने समज येण्याआधीपासून पाहिले.

जकातीच्या नाक्यावर वाढणाऱ्या मुलाला एक वेगळे शिक्षण आपोआप मिळते. इन्सुलीच्या तपासणी नाक्याच्या आसपास वाढलेल्या कोणालाही हे पटेल. कुठली गाडी कुठून आली, भरलेली की रिकामी, चाके किती दबली आहेत, हे तिथली पोरे लांबूनच सांगतात. योंगकिंडचेही तसेच झाले असणार. त्याच्या चित्रातली होडी नेहमी नेमकी असते. ती भरलेली असेल तर पाण्यात तेवढी बसलेली दिसते. ओहोटीला चिखलात टेकली असेल तर योग्य त्या बाजूला कललेली दिसते. शीड ओले आहे की कोरडे, हेही कळते. पुढे त्याचा हात कितीही सैल झाला तरी ही अचूकता सुटली नाही.

घरच्यांनी त्याला एका नोटरीच्या कचेरीत कारकुनीला लावले होते. 1836 मध्ये वडील वारले आणि पुढच्याच वर्षी आईच्या संमतीने तो हेगच्या कलाशाळेत गेला. तिथे आंद्रियास स्खेल्फहाऊट हा त्याचा गुरू झाला. बर्फाच्छादित निसर्गाच्या चित्रांसाठी तो प्रसिद्ध होता आणि जलरंगातही त्याची गती होती. उघड्यावर जाऊन कागदावर झटपट टिपण करण्याची सवय योंगकिंडला त्याच्याकडूनच लागली. क्षितिज खाली ठेवून वरचा बहुतेक कागद आभाळाला द्यायचा, ही जुनी डच रीतही त्याने तिथेच आत्मसात केली.

पॅरिस, कर्ज आणि लिलाव

1845 मध्ये फ्रेंच समुद्रचित्रकार यूजेन इझाबे हेगला आला होता. त्याने या उंच, अबोल, अवघडलेल्या तरुणाची कामे पाहिली आणि त्याला पॅरिसला बोलावले. नेदरलंड्सच्या राजघराण्याने वर्षासन दिले आणि 1846 मध्ये योंगकिंड पॅरिसला पोहोचला. इझाबेबरोबर तो नॉर्मंडी आणि ब्रिटनीच्या किनाऱ्यांवर हिंडला. 1848 मध्ये सलॉन या सरकारमान्य प्रदर्शनात त्याचे चित्र लागले आणि 1852 मध्ये त्याला तिथे तिसऱ्या वर्गाचे पदकही मिळाले. इथवर सारे ठीक होते.

पुढे घसरण सुरू झाली. 1853 मध्ये वर्षासन बंद झाले. 1855 च्या पॅरिसमधल्या जागतिक प्रदर्शनात पदरी काही पडले नाही. त्याच वर्षी आई गेली. दारूची सवय आधीपासून होती, ती वाढली. कर्ज फिटेना. शेवटी तो पॅरिस सोडून रॉटरडॅमला परतला आणि पुढची चार-पाच वर्षे तिथे हलाखीत काढली. लोक आपल्या वाईटावर टपले आहेत, असा संशय त्याला ग्रासू लागला. 1860 च्या वसंतात एकोणीस वर्षांच्या मोनेने आपल्या गुरूला, यूजेन बूदँला, एक पत्र लिहिले. आपल्याकडचा एकमेव चांगला समुद्रचित्रकार वेडा झाला आहे आणि कलेच्या दृष्टीने तो मेल्यातच जमा आहे, अशा आशयाची बातमी त्यात होती. तेव्हा मोनेने योंगकिंडला पाहिलेलेही नव्हते.

त्याच सुमारास पॅरिसमधल्या चित्रकारांनी मिळून एक काम केले. कोरोसारख्या नामवंतांसह नव्वदच्या आसपास कलावंतांनी आपले एकेक काम दिले आणि योंगकिंडसाठी लिलाव केला. सहा हजार फ्रँकच्या आसपास रक्कम उभी राहिली. आदॉल्फ काल्स नावाचा चित्रकार मित्र ती घेऊन रॉटरडॅमला गेला, देणी चुकती केली आणि योंगकिंडला बरोबर घेऊन आला.

पॅरिसला परतल्यावर 1860 मध्येच त्याची जोसेफीन फेसर या बाईंशी गाठ पडली. त्या चित्रकला शिकवत. त्यांचे पती आचारी होते, मुलगा लहान होता. या कुटुंबाने योंगकिंडला जवळ केले आणि तो हळूहळू त्यांच्या घरातलाच झाला. त्या नात्याबद्दल चरित्रकारांनी बरेच तर्क केले आहेत. त्यात शिरण्याचे कारण नाही. योंगकिंडची उत्तम कामे या आधारानंतरच्या तीस वर्षांतली आहेत, एवढे निर्विवाद आहे. त्याचा खर्च, त्याचे पिणे, चित्रांचे व्यवहार, प्रवास या सगळ्यांची काळजी जोसेफीनबाईंनी वाहिली. कलेच्या इतिहासात अशी माणसे तळटिपेत जातात. या माणसाच्या बाबतीत मात्र ती तळटीप काढून घेतली तर वरचा मजकूरच उरत नाही.

गाय, इंग्रज आणि दुपारचे जेवण

1862 मध्ये मोने अल्जीरियातल्या लष्करी सेवेतून आजारी होऊन घरी, ल आव्र बंदराजवळ आला होता. पुढे म्हातारपणी, 1900 मध्ये, त्याने एका वृत्तपत्राला सांगितलेली हकिगत अशी. तो एका शेतात गाईचे चित्र काढत होता आणि गाय काही स्थिर राहीना. वाटेने जाणाऱ्या एका इंग्रजाने मदतीला येऊन गाईची शिंगे धरली. गाय ऐकेना तो भाग वेगळा. पण बोलता बोलता त्या इंग्रजाने योंगकिंड याच भागात असल्याचे सांगितले आणि भेट घालून देण्याचे कबूल केले. मोनेने दोघांना जेवायला बोलावले. मोडके-तोडके फ्रेंच बोलणारा, लाजराबुजरा योंगकिंड त्या दिवशी खुलला. त्याने मोनेची रेखाटने पाहायला मागितली, आपल्याबरोबर काम करायला बोलावले आणि आपण काय करतो, का करतो हे समजावून सांगितले. बूदँने आपल्याला जे शिकवले होते ते त्या दिवसापासून योंगकिंडने पुरे केले आणि आपल्या डोळ्याचे अखेरचे शिक्षण त्याच्याकडून झाले, अशी कबुली मोनेने दिली.

कीर्तीच्या शिखरावर असलेल्या माणसाने दिलेल्या या कबुलीतला शब्द महत्त्वाचा आहे. हाताचे शिक्षण असे मोने म्हणाला नाही. डोळ्याचे शिक्षण म्हणाला.

ते शिक्षण कोणते, हे योंगकिंडचे जलरंग पाहिले की कळते. तो बाहेर जाई तो कागद आणि जलरंगाची पेटी घेऊन. आधी पेन्सिलीने किंवा काळ्या खडूने भराभर रेघा ओढायच्या. त्या रेघा थरथरत्या, तुटक असतात. पण डोलकाठी कुठे उभी आहे आणि धक्का कुठे संपतो याबद्दल त्यांत शंका नसते. मग त्यावर पातळ रंगाचे मोजके हात. कागदाचा पांढरेपणा जागोजाग तसाच सोडलेला, आणि तोच पाण्यावरचा उजेड. खाली ठिकाण आणि तारीख. कित्येक कागदांवर आणखी काहीबाही टिपणेही असतात. हे कागद त्याच्या दृष्टीने कच्चा माल होते. तैलचित्र तो खोलीत बसून, या टिपणांवरून आणि आठवणीवरून करत असे. गंमत अशी, की पुढच्या पिढीला त्याचा हा कच्चा मालच अधिक मोलाचा वाटला.

1863 आणि 1864 मध्ये त्याने पॅरिसच्या नोत्र दाम चर्चची मागची बाजू नदीपलीकडून रंगवली. जागा जवळपास तीच. एकदा गार, करडा उजेड आणि दुसऱ्यांदा मावळतीचा तांबूस. चर्च बदललेले नाही, वेळ बदलली आहे. आणि वेळ बदलली म्हणजे चित्राचा विषयच बदलला. जवळजवळ तीस वर्षांनी मोनेने रूआँच्या कॅथीड्रलची मालिका केली. तिचे बीज इथे दिसते.

1863 मध्येच सलॉनने नाकारलेल्या चित्रांचे वेगळे प्रदर्शन भरले. मानेच्या चित्रावरून तिथे गदारोळ झाला. त्याच प्रदर्शनात योंगकिंडची तीन चित्रे होती. त्याच्या आदल्या वर्षी त्याच्या अम्लरेखनांचा, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर अम्लाने रेघ कोरून छापलेल्या चित्रांचा, एक संच निघाला होता. त्यात हॉलंडची दृश्ये होती. बोदलेर या कवीने त्यांची वाखाणणी केली होती.

ऑंफ्लरचे बंदर

योंगकिंड उन्हाळ्यात ज्या ऑंफ्लरला जाऊन राहत असे ते सेन नदीच्या मुखावरचे जुने बंदर आहे. एके काळी तिथून जहाजे दूरदेशी जात. पण नदीचा गाळ साचत गेला आणि मोठा व्यापार समोरच्या काठावरच्या ल आव्रकडे सरकला. हे वर्णन कोकणातल्या वाचकाला नवे नाही. तेरेखोलच्या पाण्यातून बांद्यापर्यंत लहान गलबते येत असत. खाड्या गाळाने उथळ होत गेल्या, पुढे आगबोटी आल्या, मग रस्ते झाले आणि आगबोटीही गेल्या. बंदर मरते ते असे एकदम न मरता, पायरी-पायरीने.

ऑंफ्लर अशा उतरणीवर असताना योंगकिंडने ते रंगवले. 1864 मध्ये मोने आणि बूदँही तिथेच होते. त्या काळातल्या त्याच्या ‘ऑंफ्लर बंदराचे प्रवेशद्वार’ या चित्रांत काय दिसते? आत येणारी शिडाची जहाजे, धक्क्यावरची माणसे, वाऱ्याने विस्कटलेले ढग आणि त्या सगळ्याचे पाण्यात तुकडे-तुकडे झालेले प्रतिबिंब. पाणी एका सलग रंगाने भरलेले नाही. लहान, सुटे, आडवे फटकारे शेजारी-शेजारी ठेवले आहेत. लांबून पाहिले की पाणी हलते.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. हे सुटे फटकारे का चालून जातात? त्यांच्यामध्ये उभी असलेली डोलकाठी खरी आहे म्हणून. तिचा कल, दोरांचा ताण, शिडाचा फुगवटा बरोबर आहे म्हणून. वारा कुठून येतो आहे याचे उत्तर शीड, धूर, ढग आणि लाटा सगळे एकच देतात. ज्याला बंदर माहीत नाही त्याने असे सैल फटकारे मारले तर नुसता चिखल होईल. योंगकिंडची सैल रेघ ही माहितीच्या अभावातून आलेली नाही. भरपूर माहितीतून जरुरीपुरतेच उचलण्याची ती हातोटी आहे. तांडेल नुसते आभाळाकडे पाहून वारा फिरणार असे सांगतो, तेव्हा तोही हजार गोष्टींतून दोनच निवडतो.

त्याच्या मृत्यूनंतर, 1927 मध्ये, पॉल सिन्याक या चित्रकाराने त्याच्यावर एक पुस्तक लिहिले. सिन्याक स्वतः होड्या बाळगणारा, शिडे हाताळणारा दर्यावर्दी माणूस होता आणि बंदरांचे जलरंग हा त्याचाही छंद. योंगकिंडची कदर ज्यांनी सर्वांत मनापासून केली त्यांत असा माणूस असावा, हे स्वाभाविकच आहे.

नाव मिळाले, तेव्हा तो नव्हता

1874 मध्ये मोने आणि मंडळींनी पॅरिसमध्ये आपले स्वतंत्र प्रदर्शन भरवले. त्यातल्या मोनेच्या एका चित्राच्या नावावरून टीकाकार लुई लरवाने सगळ्या गटाची टर उडवली आणि तेच नाव या पंथाला कायमचे चिकटले. ते चित्र होते ल आव्र बंदरातल्या सूर्योदयाचे. म्हणजे दृक्‌प्रत्ययवादाला नाव मिळाले तेच एका बंदराच्या चित्रावरून. आणि बंदरही तेच, ज्याच्या परिसरात बारा वर्षांपूर्वी योंगकिंडने मोनेला पाहायला शिकवले होते. बूदँ त्या प्रदर्शनात होता. योंगकिंड नव्हता. आदल्या वर्षी सलॉनने त्याला पुन्हा नाकारले होते आणि प्रदर्शनांच्या धडपडीतून त्याने अंग काढून घेतले होते.

त्याच्या या बाजूला राहण्याला आणखी एक कारण देता येईल. त्याला बाजार होता. पण तो चांदण्यातल्या डच कालव्यांच्या तैलचित्रांना. गिऱ्हाइकांना पवनचक्की, चंद्र आणि शांत पाणी हवे असे. पोटासाठी तो तीच दृश्ये पुन्हा पुन्हा रंगवत राहिला. 1869 नंतर तो हॉलंडला गेलाच नाही. तरी हॉलंड रंगवणे थांबले नाही. ही चित्रे सगळीच उत्तम आहेत असे म्हणता येणार नाही. काही सरळसरळ रतीब घातल्यासारखी आहेत. जलरंग त्याने गिऱ्हाइकासाठी केले नाहीत, म्हणून ते अखेरपर्यंत ताजे राहिले.

1878 पासून तो फेसर कुटुंबाबरोबर फ्रान्सच्या आग्नेय भागात, आल्प्सच्या बाजूला, ला कोत-सँ-आंद्रे या गावी राहिला. तिथे समुद्र नाही, बंदर नाही. बैलगाड्या, शेते, बर्फाने झाकलेले रस्ते आणि डोंगर त्याने जलरंगात टिपले. ज्याने आयुष्यभर पाणी पाहिले त्याला बर्फावरचा उजेड परका वाटला नाही. 1882 मध्ये एडमाँ द गाँकूरने आपल्या रोजनिशीत नोंद केली, की आज ज्या निसर्गचित्रणाला काही मोल आहे ते सारे या माणसापासून निघाले आहे. नोंदले गेले, पण ज्याच्याबद्दल ते होते तो माणूस दूर खेड्यात पिण्याशी आणि भासांशी झगडत होता. 9 फेब्रुवारी 1891 रोजी ग्रनोब्लजवळच्या मनोरुग्णालयात त्याचा अंत झाला. त्याच वर्षी काही महिन्यांनी जोसेफीनबाईही गेल्या.

आपल्याकडचे पाणी

पॅरिसमधली ही लाट कोकणापर्यंत सरळ आली नाही. आपल्याकडे जलरंग आला तो इंग्रजी वळणाने, 1857 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमार्फत. सावंतवाडीत 1882 मध्ये जन्मलेले सावळाराम लक्ष्मण हळदणकर याच शाळेत शिकले. 1908 मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःची कलासंस्था काढली आणि 1918 मध्ये आर्ट सोसायटी ऑफ इंडियाच्या स्थापनेत पुढाकार घेतला. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातले, हातात समई घेतलेल्या स्त्रीचे त्यांचे प्रसिद्ध चित्र जलरंगातले आहे. बोटांमधून झिरपणारा आणि चेहऱ्यावर चढणारा तो उजेड जलरंगात पकडणे किती अवघड, हे ज्याने कुंचला हाती धरला आहे त्यालाच कळेल. विषय बंदराचा नसला तरी प्रश्न योंगकिंडचाच आहे : वस्तू रंगवायची, की तिच्यावर पडलेला उजेड?

समुद्र हाच विषय मानणारे आपले चित्रकार म्हणजे प्रल्हाद अनंत धोंड, म्हणजेच धोंड मास्तर. जे. जे.चे ते अधिष्ठाता होते आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे शिक्षक. ओल्या कागदावर रंग सोडून, मोजक्या फटकाऱ्यांत उभे केलेले त्यांचे किनारे पाहिले की ओली वाळू, भरतीची रेघ आणि लांबवरची होडी यांच्याशी त्यांची किती सलगी होती ते कळते. आठवणींच्या पुस्तकाला त्यांनी ‘रापण’ हे नाव दिले. रापण ओढायला सगळी वाडी लागते आणि जाळ्यात काय येईल हे ओढून होईपर्यंत कोणाला सांगता येत नाही. किनाऱ्याशी नाते असलेल्या माणसालाच आठवणींसाठी असे नाव सुचते.

या दोघांचा योंगकिंडशी काही संबंध होता असे सुचवायचे नाही. साम्य आहे ते निराळ्या जागी. तिघांनीही जलरंगाला तैलचित्राचा धाकटा भाऊ मानले नाही. तिघांच्याही हाताला आधी डोळ्याचे शिक्षण मिळाले होते.

मालवण, वेंगुर्ले, रेडी, बांदा येथल्या बंदरांवर आज मासळीच्या यांत्रिक होड्या आहेत, काही ठिकाणी पर्यटकांच्या आहेत, काही ठिकाणी काहीच नाही. शिडाची गलबते, आगबोटीला लागणारे पडाव, धक्क्यावरची हमाली, मिठाची आणि कौलांची चढउतार ही दृश्ये आठवणीत आहेत त्या पिढीचे केस पांढरे झाले आहेत. जुने फोटो थोडे आहेत. फोटोत जहाज दिसते, पण आगोटीपूर्वीच्या त्या जड, पिवळट उजेडात ते कसे दिसत होते हे चित्रच सांगू शकते. व्लार्डिंगनचे आणि ऑंफ्लरचे शिडांचे दिवसही गेलेच. पण कुठल्या वर्षी, कुठल्या महिन्यात, कुठल्या वाऱ्यात ते कसे दिसत होते याची नोंद एका कर्जबाजारी, व्यसनी, घाबरट माणसाने कागदांवर तारखेसह करून ठेवली आहे.

आपल्या जिल्ह्यात आज चित्र काढणारी मुले पुष्कळ आहेत. त्यांच्या हातात फोन असतो आणि फोनमध्ये जगातली सगळी चित्रे असतात. त्यांना योंगकिंडचे एकच सांगणे उपयोगी पडेल, आणि ते त्याने शब्दांत कधी लिहिले नाही. कागदांवर केलेच आहे. आधी होडी ओळखायला शिका : ती भरली आहे की रिकामी, नांगर कुठे आहे, वारा कुठला आहे. मग पाणी कसे रंगवायचे ते पाणीच सांगते.